यासीनभाईंनी उघडं ठेवलेलं पान

यासीनभाई गेल्याची बातमी मला यासीनभाईंच्याच नंबरावरून आली. मी सारंगखेड्याला मावसबहिणीकडे साखरपुड्याला गेले होते. पंगत बसत होती आणि फोनवर त्यांचं नाव दिसलं. संस्थेच्या वेबसाइटचंच काहीतरी असणार, असं धरून मी समोरचं ऐकून न घेता सुनावलं, की यासीनभाई, माणसाला चार घास सुखाने खाऊ द्याल की नाही? मग त्यांच्या मुलीचा, शबनमचा आवाज आला, “विमलताई... अब्बा गये.” कुठे गेले, असं मी विचारलं. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईने हा प्रश्न विचारला, आणि त्या पोरीला ते पुन्हा, नीट फोड करून सांगावं लागलं. दुपारी दुकानात, संगणकापुढच्या खुर्चीतच ते गेले होते. हृदयाचा एक झटका तीन वर्षांपूर्वी येऊन गेला होता, हा दुसरा.

शहाद्याला त्यांच्या घरी पोचले तेव्हा जनाजा निघायचा होता. मी आत बायकांमध्ये बसले. यासीनभाईंच्या बायकोने, शमीमभाभींनी, माझा हात धरला आणि मी जेवले का ते विचारलं. घर लोकांनी भरलेलं होतं. त्यात गिलाव्याचे मिस्त्री होते, कापडवाले होते आणि डोंगरातल्या मोलगी गावाच्या रस्त्यावर जीप चालवणारे कितीतरी ड्रायव्हर होते, कारण त्यातल्या निम्म्या जीपांवरची नावं यासीनभाईंच्या ब्रशने लिहिलेली. मूळचा धंदा त्यांचा तोच, पाट्या रंगवायचा. वडिलांपासून चालत आलेला. मग फ्लेक्स आले आणि ब्रश कोरडे पडले. या माणसाने त्याचा शोक चार दिवस केला आणि पाचव्या दिवशी एक जुना संगणक आणून बसस्टँडजवळच्या त्याच दुकानात लग्नपत्रिका टाइप करायला सुरुवात केली. “हात तोच शे, ताई, नुसता डबा बदलना,” असं मला म्हणाले होते.

आमची संस्था छोटी आहे. ऊसतोडीला, बांधकामाला गुजरातेत जाणाऱ्या इकडच्या माणसांसाठी ती काम करते. मी तिची सचिव. अशी माणसं जातात टोळीने आणि परततात टोळीने, पण एखादा परतत नाही. मुकादम म्हणतो, तो तर आधीच निघाला. घरचे आमच्याकडे येतात. त्यांच्यासाठी वेबसाइटवर ‘शोध’ नावाचा एक भाग होता आणि तो सगळा यासीनभाईंनी एकहाती उभा केलेला. एका माणसाचं एक पान. नाव, गाव, कुठल्या टोळीबरोबर गेला, अंगावर काय होतं, कपाळावर खूण आहे का, फोटो असला तर फोटो. प्रत्येक पान ते वेगळं, हाताने लिहायचे, दुकानाची पाटी लिहावी तसं मोजून मापून. पान तयार झालं की त्याचा इंटरनेटवरचा पत्ता एका चिठ्ठीवर निळ्या शाईने, रंगाऱ्याच्या ठसठशीत अक्षरांत लिहायचा आणि चिठ्ठी घरच्यांना द्यायची. देताना एकच वाक्य सांगायचं: शोध संपेपर्यंत हे पान राहील. माणूस घरी आला की पान काढायचं. मेल्याची खात्रीची खबर आली तरी काढायचं, पण आधी स्वतः जाऊन घरच्यांना सांगून. हा त्यांचाच नियम. डोंगरातले लोक ती चिठ्ठी प्लास्टिकात घालून आधार कार्डाबरोबर ठेवत आणि बाजाराला आले, रेंजमध्ये आले, की कुणाच्या तरी मोबाइलवर पान उघडून घेत. आहे ना? आहे. मग मीठ-मिरची घेऊन परत डोंगरात.

यासीनभाईंना पहिला झटका आला आणि बरे होऊन ते बैठकीला आले, तेव्हाची गोष्ट. वेबसाइट फक्त त्यांनाच चालवता येत होती. एक स्वल्पविराम बदलायचा तरी त्यांचं दुकान गाठावं लागे. कुणीतरी हे बोलायला हवं होतं, आणि अशी कामं नेहमी माझ्याच जिभेवर येतात. मी बैठकीत, त्यांच्या तोंडावर म्हणाले, “उद्या यासीनभाईंना काही झालं तर?” सगळे खाली बघायला लागले. ते मात्र हसले. “ताई खरं बोली ऱ्हायनी,” म्हणाले, “मन्हा मांगे हाई कोनले येस?” आणि ठरलं, की वेबसाइट नव्या व्यवस्थेवर न्यायची, जी कुणालाही शिकता येईल. म्हणजे त्या माणसाने पुढचं वर्षभर जे काम केलं ते त्याच्या मरणाची तयारी म्हणून केलं, आणि ते काम त्याला मी लावलं. हे मी आता असं सरळ लिहू शकते. तेव्हा मला वाटलं होतं आपण फार दूरदृष्टीच्या आहोत.

पुण्याहून मृणाल नावाची एक इंजिनीअर मुलगी चार दिवस येऊन राहिली आणि तिने ती नवी व्यवस्था बसवून दिली. ओपन सोर्स, म्हणजे कुठल्या एका कंपनीच्या मालकीची नाही, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणीही घ्यावी, कुणीही सुधारावी. यासीनभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मंग हाई ते गावनी इहीर शे.” मृणालला विहीर कळली आणि ती खूश झाली. प्रत्येकाला आपापलं नाव आणि परवलीचा शब्द मिळाला, मलाही. मी तो वहीत लिहून ठेवला आणि वही कपाटात. यासीनभाई असताना शिकायची गरजच काय?

जुनी पानं नव्या घरात न्यायचं काम यंत्र करू शकलं असतं, पण ती जुन्या फाँटमध्ये होती, आणि यंत्राने नेली की माणसांच्या नावांचा चिखल व्हायचा. म्हणून त्यांनी एकेक पान पुन्हा टाइप केलं. मी दुकानात जायची तेव्हा ते पुटपुटत टाइप करत असायचे, निळा शर्ट, उजव्या पायाला चांदीचं कडं... मी म्हणायची, आटपा. ते म्हणायचे, हो ताई. एकदा म्हणाले, की ही माणसं मी एकदा लिहिली तेव्हा वाटलं होतं ती येतील. दुसऱ्यांदा लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. माझ्या डोक्यात संस्थेचा वर्धापनदिन होता. जिल्ह्याच्या ठिकाणाहून पाहुणे यायचे होते आणि त्यांच्या हस्ते बटण दाबून नवी वेबसाइट सुरू करायची, असं मी पत्रिकेत छापून मोकळी झाले होते.

पानं वेळेत झाली. पण पत्ते राहिले. नव्या व्यवस्थेत प्रत्येक पानाचा पत्ता बदलला होता, आणि जुना पत्ता टाकला की नवं पान उघडावं यासाठी एकेक पत्ता दुसऱ्याशी जोडावा लागणार होता. यासीनभाई कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी संस्थेत आले. उभ्याउभ्याच म्हणाले, “आजून पंधरा दिन द्या, ताई. चिठ्ठ्या लोकेसजोडे शेतस.” मी म्हणाले, असू देत चिठ्ठ्या लोकांजवळ, पंधरा दिवसांत कुणाचं काय बिघडतंय? पत्रिका वाटल्या गेल्यात, पाहुणे काय म्हणतील? बटण दाबल्यावर जोडत बसा सावकाश. ते बरं म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी टाळ्या वाजल्या, पेढे वाटले, आणि जुनी वेबसाइट बंद झाली.

त्याच आठवड्यात, मोलगीच्या बाजारच्या दिवशी, खेमीबाई नावाची एक म्हातारी तिथल्या मोबाइलच्या दुकानात चिठ्ठी घेऊन गेली. तिचा मुलगा रायसिंग दोन हंगामांपूर्वी तोडीला गेला होता आणि टोळीबरोबर परतला नव्हता. दुकानदाराने चिठ्ठीवरचा पत्ता टाकला. पडद्यावर आलं: ‘हे पान अस्तित्वात नाही.’ हे वाक्य माझं. नव्या व्यवस्थेतली इंग्रजी वाक्यं मराठीत करायची हौस मलाच होती, आणि हे फार शुद्ध झालंय म्हणून मी खूश होते. दुकानदाराने तिला सोपं करून सांगितलं, की रायसिंगचं पान काढून टाकलंय.

शोध संपेपर्यंत पान राहील, असं यासीनने सांगितलं होतं. मुलगा तर घरी आला नव्हता. मग पान काढण्याचं दुसरं कारण काय, ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. आम्ही सांगायला येऊ असंही ठरलेलं होतं, पण पावसाने रस्ते वाहून गेले होते. तिला वाटलं, येता आलं नसेल. तिने घरी जाऊन सांगितलं. घरच्यांनी रायसिंगचे दिवस केले. गाव जेवलं. आणि दोन-तीन महिन्यांत रायसिंगच्या बायकोचं, रीतीप्रमाणे, दुसऱ्या घरात लग्न लावून दिलं.

आम्हाला हे कळलं तेव्हा यासीनभाईंचे सगळे पत्ते केव्हाच जोडून झाले होते. एक जीपवाला नाव नव्याने रंगवून घ्यायला आला होता, तो बोलता बोलता बोलला. यासीनभाईंनी ब्रश तिथेच ठेवला आणि त्याच जीपने डोंगरात गेले. मी येते म्हणाले तर नको म्हणाले. परत आले ते थेट माझ्याकडे, म्हसावदला, घरी. ओट्यावर बसले. पाणी प्याले. “तिले सांगी दिधं, चूक मन्ही शे,” म्हणाले. “तुम्ही तठे जाऊ नका.” बस, एवढंच. त्या गावात कोण काय बोललं, रायसिंगची बायको भेटली का, यातलं काहीही त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला विचारायची भीती वाटत होती. चूक माझी होती, हे आम्हा दोघांना पक्कं माहीत होतं, आणि ते ओझं त्यांनी उचललं तेव्हा मी हात पुढे केला नाही. इतकी वर्षं मुलांना फळ्यापुढे उभं करून चूक कबूल करायला लावणारी मी...

पण खेमीबाईने त्यांच्याकडून एक गोष्ट कबूल करून घेतली होती. पान आहे की नाही, एवढ्यावर तिचा आता भरवसा नव्हता. ते असूनही कुणी बघत नसेल तर? नव्या व्यवस्थेत प्रत्येक पानाच्या तळाशी ‘शेवटचा बदल’ म्हणून तारीख येते आणि बदल करणाऱ्याचं नाव येतं. यासीनभाईंनी तिला ते दाखवलं आणि शब्द दिला, की मोलगीच्या दर बाजारी ही तारीख बदललेली दिसेल. त्यासाठी बदलायचं काहीच नसायचं. पान उघडायचं, जसं आहे तसं जतन करायचं आणि बंद करायचं. तारीख आपोआप ताजी व्हायची. खेमीबाई बाजारात ती वाचून घ्यायची. आजची आहे? आजची. म्हणजे आज कुणीतरी तिच्या मुलाचं नाव डोळ्यांनी पाहिलं होतं. दीड वर्षात एक बाजार चुकला नाही. लेकीच्या निकाहच्या दिवशीसुद्धा हा माणूस पाहुण्यांतून उठून दुकानात जाऊन आला होता. कुठे गेला होतात, विचारलं तर म्हणाले, “रायसिंगकडे.”

ते गेल्यानंतरच्या तिसऱ्या बाजारानंतर खेमीबाई संस्थेत आली. तोवर मी तिला कधी पाहिलं नव्हतं. यासीनभाई गेल्याचं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. ती तारीख थांबली म्हणून आली होती.

हे लिहिताना एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ते गेल्यावर पहिल्याच बाजारी मी वही शोधून काढली, परवलीचा शब्द टाकला आणि रायसिंगचं पान उघडायला गेले. उघडेना. नावापुढे एक छोटं कुलूप होतं आणि लिहिलेलं, की हे पान यासीन यांनी बदलासाठी उघडलेलं आहे. पुढे दिवस आणि वेळ. मी मृणालला फोन केला. तिने सांगितलं, एकाने पान उघडलं की दुसऱ्याने त्यात एकाच वेळी ढवळाढवळ करू नये म्हणून ही व्यवस्था पान त्याच्या नावाने अडवून ठेवते. त्याने नीट बंद केलं की सुटतं. बंद न करता माणूस उठून गेला तर तसंच राहतं, कितीही दिवस. कुलूप काढायचा अधिकार मला आहे, एक बटण दाबायचं... “बघा मॅडम, जतन न केलेलं काही तिथे नसतं हां,” ती जपून म्हणाली.

कुलपाची वेळ ते गेले त्या दुपारची होती. पण तो बाजारचा दिवस नव्हता. बाजाराला अजून दोन दिवस होते. दीड वर्षात त्यांनी ते पान आडदिवशी कधी उघडलं नव्हतं. मग त्या दुपारी का उघडलं? मी शबनमला विचारलं. ती म्हणाली, त्याच दुपारी एक फोन आला होता, गुजरातकडचा नंबर. ती डबा ठेवायला दुकानात गेली होती तेव्हा अब्बा फोनवर नुसते हां, हां करत होते. मग म्हणाले, “लिखी लेस. आत्तेच लिखी लेस.” आणि संगणकाकडे वळले. ती घरी आली, आणि तासाभरात शेजारचा दुकानदार धावत आला. तो नंबर आम्ही लावला. कुठल्याशा रस्त्यावरचा चहावाला निघाला. त्याच्या फोनवरून येणारे-जाणारे मजूर सतत बोलतात. कोण होता, त्याला आठवेना.

बस, पुढे काही नाही. मी रोज ते कुलूप बघत होते आणि काढत नव्हते. मृणालने सांगितलेलं मला कळलं होतं. मी काही अडाणी नाही. तरी मनाच्या कुठल्याशा कोपऱ्यात असं बसलं होतं, की जोवर पान त्यांच्या नावाने अडलेलं आहे तोवर ते आत बसून लिहीत आहेत, आणि त्यांना जे लिहायचं होतं ते अजून तिथे आहे. बाजार आला, गेला. दुसरा आला, गेला. मी कपाटात वही ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी परत काढायची. घरात बसले असताना कानाशी टाइप केल्याचा आवाज यायचा, त्यांचा तो दोन बोटांचा, थांबत थांबत येणारा. एकदा तर मी स्वयंपाकघरातून ‘आटपा’ म्हणाले.

खेमीबाई समोर बसली होती. बारीक चणीची, पायात धूळ. बाजारातलं मोडकं मराठी ती बोलत होती. यासीन गेला हे मी सांगितलं तेव्हा तिने मान खाली घातली. मग तिने विचारलं, की आता तारीख कोण बदलणार? तिचा तोच एक प्रश्न होता आणि त्यासाठी ती दोन जीपा बदलून आली होती.

मी तिला सगळं सांगितलं. तेव्हाची चूक यासीनची नव्हती, घाई मी केली, त्याने पंधरा दिवस मागितले होते आणि मी दिले नाहीत. तुझ्या सुनेचं जे झालं ते माझ्या एका कार्यक्रमापायी झालं. बोलताना माझा आवाज फुटला आणि मला स्वतःची लाज वाटली, कारण रडायचा हक्क समोरचीचा होता. मग फोनचंही सांगितलं. कुणाचा ते माहीत नाही, काय बोलणं झालं ते माहीत नाही, पण त्यानंतर त्याने रायसिंगचं पान उघडलं, आणि ते अजून तसंच आहे.

माझ्या माफीकडे तिने पाहिलंच नाही. ती पुढे सरकली.

“उघडं आहे?”

“हो.”

“मग बघ त्यात.”

मी तिला समजावू शकले असते, की तिथे काही नसतं. समजावलं नाही, कारण मलाही बघायचं होतं. मी बटण दाबलं. कुलूप गेलं, त्याबरोबर यासीनभाईंचं नाव गेलं, आणि पान उघडलं. मी वरपासून वाचत गेले, मोठ्याने, तिला ऐकू जाईल असं. नाव रायसिंग. गाव. टोळी. अंगात पांढरा बनियन, हिरवी लुंगी. डाव्या हातावर गोंदण. शोध चालू आहे. त्यापुढे कोरं. मी खाली, अगदी तळापर्यंत गेले आणि पुन्हा वर आले. जुनंच होतं सगळं, अक्षर न अक्षर.

“शोध चालू आहे,” तिने माझ्यामागून म्हटलं. मी मान हलवली. तिने बोटाने पडद्याकडे दाखवलं, तारीख कर म्हणून. मी जतन केलं आणि पान नीट बंद केलं, ते करायचे तसं. मग बाहेरून पुन्हा उघडून तिला दाखवलं, जसं तिला बाजारात दिसेल.

“आजची?”

“आजची.”

“नाव?”

तारखेपुढे, जिथे इतके दिवस यासीन लिहिलेलं असायचं, तिथे माझं नाव आलं होतं. मी ते वाचून दाखवलं. विमल. तिने ते दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं, पुढच्या बाजारी दुकानदाराला काय विचारायचं ते विसरू नये म्हणून, आणि जीप चुकेल म्हणत उठली.